न्यायाधीशांचा उतारा

इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमेवरून लग नांवाची एक लहानशी नदी वाहते. तिच्या वेल्सकडील तीरावर प्रेस्टीन हें गांव वसलेलें आहे. वस्ती तीन हजारांच्या आंतली. एक जुनें प्रार्थनामंदिर, एक रुंद रस्ता, कांहीं दुकानें आणि सभोंवार मेंढ्या चरणाऱ्या हिरव्या टेंकड्या, एवढाच त्याचा पसारा. परंतु एके काळीं हें गांव रॅडनॉर परगण्याचें न्यायाचें ठाणें होतें, आणि त्या मानाची एक निशाणी तेथील ब्रॉड स्ट्रीटवर अद्याप उभी आहे. तिचें नांव शायर हॉल. आंत शिरलें म्हणजे एक चमत्कारिक जोडणी दृष्टीस पडते. एका अंगास न्यायासन, ज्यूरीचीं बांकें आणि आरोपीचा पिंजरा. दुसऱ्या अंगास दिवाणखाना, भोजनाची खोली आणि शयनगृह. आणि या सर्वांच्या खालीं स्वयंपाकघर, नोकरांच्या खोल्या व कैद्यांची कोठडी. न्यायमंदिर आणि बिऱ्हाड हीं एकाच छपराखालीं नांदत होतीं.

न्यायमंदिरांत पलंग कशासाठीं, असा प्रश्न कोणासही पडावा. आपल्याकडे न्यायाधीश सकाळीं कचेरींत येतो आणि सायंकाळीं आपल्या घरीं जातो. प्रेस्टीनच्या न्यायाधीशाला त्या गांवीं घरच नव्हतें. तो तेथें पाहुणा म्हणून येई, कांहीं रात्री मुक्काम करी, माणसांच्या जन्ममरणाचे निकाल देई आणि पुढल्या गांवाची वाट धरी. हा मुक्काम ही केवळ प्रवासांतील सोय नव्हती. इंग्लंडांतील न्यायपद्धतीचा तो सुमारें आठशें वर्षांचा पाया होता. आणि त्या पद्धतीचा गुण कोणता व दोष कोणता, हें या एका गांवाच्या इतिहासावरून जितकें स्पष्ट दिसतें, तितकें क्वचितच दुसरीकडे दिसेल.

या पद्धतीचा आरंभ दुसऱ्या हेन्री राजाच्या कारकीर्दींत झाला. त्या काळीं गांवोगांवचे जमीनदार आपापल्या मुलखांत आपापलीं न्यायालयें चालवीत. वादी ज्याच्या जमिनीवर राहातो तोच त्याचा धनी, आणि तोच त्याचा न्यायाधीश! राजाचा न्याय हवा असेल तर राजा जेथें असेल तेथें जावें लागे. आणि राजा तर सदैव फिरतीवर. हेन्रीनें हा क्रम उलटा केला. ११६६ सालच्या क्लॅरेंडन येथील आज्ञापत्रानें गुन्ह्यांची चौकशी राजाच्या न्यायाधीशांपुढें व्हावी असें ठरलें. आणि ११७६ सालीं नॉर्दॅम्प्टन येथें राज्याचे सहा विभाग पाडून अठरा न्यायाधीश फेरीवर धाडण्यांत आले. पुढें १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा या सुप्रसिद्ध सनदेंत सरदारांनीं राजाकडून जीं वचनें घेतलीं, त्यांत न्यायाधीशांनीं परगण्यांत वारंवार यावें हेंही एक होतें. ज्या सरदारांना राजाची सत्ता सलत होती, त्यांनाच राजाचे न्यायाधीश मात्र अधिक वेळां हवे होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. न्याय दारांत यावा, त्यासाठीं लोकांना राजधानीचे खेटे घालावे लागूं नयेत, ही भूक तेव्हांपासूनची आहे.

पुढें या फेऱ्यांना कायमचें स्वरूप आलें. बहुतेक परगण्यांत वर्षांतून दोनदां, वसंताच्या तोंडावर एकदां आणि उन्हाळ्यांत एकदां, न्यायाधीश येत. या बैठकीस असाइझ म्हणत. आरंभीं ते घोड्यावरून येत. पुढें गाड्या आल्या, पुढें आगगाडी आली. परंतु स्वागताचा थाट कायम राहिला. परगण्याचा शेरिफ हद्दीपाशीं किंवा गांवाच्या वेशीपाशीं त्यांना सामोरा जाई. पुढें कर्णे फुंकणारे, बाजूस भालदार, मागें गांवांतील प्रतिष्ठित मंडळी, अशी मिरवणूक निघे. न्यायाधीश प्रथम प्रार्थनामंदिरांत जात. तेथें धर्मोपदेशक त्यांना न्याय आणि दया यांवर प्रवचन ऐकवी. नंतर राजाचें आज्ञापत्र वाचून दाखवीत आणि काम सुरू होई. त्या आठवड्यांत गांवाला जत्रेचें रूप येई. साक्षीदार, वकील, ज्यूरीचे सभासद, फेरीवाले आणि बघे यांनीं खाणावळी भरून जात. रात्रीं मेजवान्या आणि नाच होत.

असल्या गर्दींत न्यायाधीशानें उतरावें कोठें? सार्वजनिक धर्मशाळेंत किंवा खाणावळींत उतरला तर शेजारच्या खोलींत वादी आणि भोजनाच्या मेजावर प्रतिवादी भेटावयाचा. एखाद्या जमीनदाराच्या घरीं उतरला तर त्या जमीनदाराचें मीठ त्यानें खाल्लें असें झालें. म्हणून त्याच्या उताऱ्याची तजवीज शेरिफनें करावी, आणि तो उतारा शक्य तों स्वतंत्र असावा, अशी वहिवाट पडली. परका न्यायाधीश हवा याविषयीं कायदाही दक्ष होता. १३८४ सालींच असा निर्बंध झाला होता कीं, कोणाही कायदेपंडितानें आपल्या स्वतःच्या परगण्यांत असाइझचा न्यायाधीश म्हणून बसूं नये. ज्याचे सोयरेधायरे गांवांत आहेत, ज्याची जमीन तेथें आहे, त्याच्या हातीं तराजू सरळ राहाणें कठीण, हा त्यामागील अनुभव होता.

या फिरतीचें काम सुखाचें होतें असेंही नाहीं. कैदी महिनोगणती कोंदट तुरुंगांत खितपत पडलेले असत. त्यांच्या कपड्यांतील उवांबरोबर एक भयंकर ताप न्यायालयांत शिरे. त्याला तुरुंगताप म्हणत. आज त्यास टायफस म्हणतात. १५७७ सालीं ऑक्सफर्ड येथील असाइझमध्यें हा ताप पसरून सुमारें तीनशें माणसें दगावलीं. त्यांत मुख्य न्यायाधीश सर रॉबर्ट बेल आणि खुद्द शेरिफही होते. लोकांनीं त्या बैठकीला 'काळी असाइझ' असें नांव दिलें. रोगाचें कारण तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. दुर्गंधीनें ताप होतो अशी समजूत होती. म्हणून न्यायासनापुढें सुवासिक वनस्पति पसरून ठेवण्याची आणि न्यायाधीशांच्या हातीं फुलांचे गुच्छ देण्याची चाल पडली. कैद्याला ज्या हवेंत सहा महिने ठेवलें, ती हवा न्यायाधीशाला घटकाभरही सोसेना, हें त्या गुच्छांनीं न बोलतां कबूल केलें होतें.

वेल्समध्यें ही व्यवस्था थोड्या निराळ्या रूपानें आली. आठव्या हेन्रीनें १५३६ सालच्या कायद्यानें वेल्स इंग्लंडास जोडला आणि नवे परगणे पाडले. रॅडनॉर हा त्यांपैकींच एक. १५४३ सालीं बारा परगण्यांचीं चार मंडळें करून 'ग्रेट सेशन्स' नांवाचें फिरतें न्यायालय स्थापन झालें. रॅडनॉर परगण्याची बैठक मूळ योजनेप्रमाणें आळीपाळीनें न्यू रॅडनॉर व ऱ्हायडर या गांवीं व्हावयाची होती. ऱ्हायडर हें डोंगराळ भागांतील गांव. तेथें न्यायालयाच्या वाटेवर एका न्यायाधीशाचा खून झाला, अशी आख्यायिका त्या मुलखांत सांगतात. आख्यायिकेंत तथ्य किती असेल तें असो; ऱ्हायडरचा मान गेला आणि तो इंग्लंडच्या अगदीं हद्दीवरील प्रेस्टीनला मिळाला, एवढें मात्र खरें. प्रेस्टीनच्या न्यायालयाचा जन्म हा असा परक्या न्यायाधीशाच्या जिवाच्या भीतींतून झाला असें लोक मानतात. परकेपणाला आणखीही एक बाजू होती. १५३६ च्या कायद्यानें न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरविली. ज्याला केवळ वेल्श भाषा येई त्याला आपल्याच खटल्यांतील शब्द समजत नसत. या निर्बंधांत कायद्यानें काय ती सवलत मिळाली ती १९४२ सालीं, म्हणजे चारशें वर्षांनंतर.

प्रेस्टीनच्या इतिहासांतील सर्वांत करुण प्रकरण या ग्रेट सेशन्सच्या काळांतलें आहे. ग्लासबरीजवळ मेस्लुख नांवाच्या वाड्यांत मेरी मॉर्गन नांवाची मुलगी स्वयंपाकघरांत चाकरीस होती. वाड्याचा मालक वॉल्टर विल्किन्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत बंगालमध्यें पैसा मिळवून परतलेला आणि रॅडनॉर परगण्यातर्फे पार्लमेंटांत निवडून गेलेला गृहस्थ होता. १८०४ च्या सप्टेंबरांत मेरी आपल्या खोलींत एकटीच प्रसूत झाली. तेव्हां ती अवघी सोळा वर्षांची होती. जन्मलेलें मूल तिनें लहान चाकूनें मारलें. घरांतील इतर नोकरस्त्रियांना संशय आला, मूल सांपडलें, आणि मेरीची रवानगी प्रेस्टीनच्या तुरुंगांत झाली.

तेथें तिला वाट पाहावी लागली. कोणाची? फेरीवरच्या न्यायाधीशाची. शरदऋतु संपला, हिंवाळा गेला, वसंत आला; न्यायाधीश आले ते एप्रिल महिन्यांत. १८०५ च्या ११ एप्रिलला मेरी दोषी ठरली आणि १३ एप्रिलला तिला फांशी देण्यांत आलें. निकालासाठीं सहा महिन्यांहून अधिक काळ आणि निकालानंतर दोन दिवस! हा दोन दिवसांचा हिशेब न्यायाधीशाच्या लहरीचा नव्हता. १७५२ पासून अमलांत आलेल्या खुनाविषयींच्या कायद्यानें असें फर्माविलें होतें कीं, खुन्याला शिक्षा सांगितल्यानंतर एक दिवस सोडून पुढल्या दिवशीं फांशी द्यावी. तो दिवस रविवार असेल तरच सोमवारपर्यंत थांबावें. शिक्षेचा धाक लोकांच्या मनांत ताजा राहावा, हा त्या घाईचा हेतु होता. लंडन तेथून सुमारें दीडशें मैल. दयेचा अर्ज घेऊन जाणाऱ्या घोडेस्वारानें किती दौड करावी? सबळ कारण दिसल्यास फांशी लांबविण्याचा अधिकार न्यायाधीशाला होता. पण तो त्यानें वापरला नाहीं.

तो न्यायाधीश म्हणजे जॉर्ज हार्डिंज. साठी ओलांडलेला, विद्वान, कवितेचा षोकी, पार्लमेंटांत बसलेला, थोरामोठ्यांत ऊठबस असलेला असा हा गृहस्थ १७८७ पासून या मंडळाचा मुख्य न्यायाधीश होता. तो क्रूर होता असें म्हणतां येत नाहीं. मेरीला शिक्षा सांगतांना त्याच्या डोळ्यांत पाणी आलें असें सांगतात. त्याच्या समोर जो पुरावा होता त्यावरून अपराध सिद्ध होत होता, याविषयींही शंका नाहीं. परंतु त्या वेळच्या कायद्यानें आरोपीच्या हातीं काय दिलें होतें, हें पाहूं गेल्यास मन विषण्ण होतें. असल्या गुन्ह्यांत आरोपीच्या वकिलानें ज्यूरीपुढें भाषण करण्यास मुभा नव्हती. ती १८३६ सालीं मिळाली. आरोपीला शपथेवर आपली हकीकत सांगतां येत नसे. तो हक्क सर्वांना १८९८ सालीं मिळाला. शिक्षेवर अपील करण्यास वरिष्ठ फौजदारी न्यायालय नव्हतें; तें १९०७ च्या कायद्यानें निर्माण झालें. आणि प्रसूतीनें जिच्या मनाचा तोल गेला आहे अशा मातेच्या हातून अर्भकाची हत्या झाली तर तो खून धरूं नये, हें कायद्यानें मान्य करावयास १९२२ साल उजाडलें. १९३८ च्या कायद्यानें तें अधिक व्यापक झालें. म्हणजे मेरी ज्या दयेस पात्र होती, ती कायद्यांत उतरण्यास तिच्यामागें एकशें सतरा वर्षें लागलीं.

आणखी एक प्रश्न त्या पिंजऱ्यांत कधीं उभाच राहिला नाहीं. मुलाचा बाप कोण? त्या वाड्यांतील तरुण धनिकाचें नांव लोकांच्या तोंडीं होतें, आजही आहे; पण लोकांच्या तोंडचें नांव म्हणजे पुरावा नव्हे. कायद्याला त्या प्रश्नाची गरजच वाटली नाहीं, ही वस्तुस्थिति मात्र त्या काळाविषयीं पुष्कळ सांगून जाते. परका न्यायाधीश मालकाच्या दबावाखालीं येत नाहीं हें खरें. पण त्या घराच्या भिंतींआड काय चालतें हेंही त्याला कळत नाहीं. चार रात्रींच्या पाहुण्याला गांवाचा कानोसा लागावा कसा?

प्रेस्टीनच्या सेंट अँड्र्यूच्या प्रार्थनामंदिराच्या आवारांत मेरीच्या नांवाचे दोन दगड आहेत. एक हार्डिंजचा मित्र अर्ल ऑफ एल्सबरी यानें बसविलेला. त्यावर तिचें पाप, तिची लाज आणि तिला शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचा सहृदयपणा यांचा सविस्तर उल्लेख आहे. दुसरा दगड लहान आहे. तो कोणी बसविला त्याचें नांव त्यावर नाहीं. त्यावर येशू ख्रिस्ताचें तें प्रसिद्ध वचन कोरलें आहे, ज्यांत तो जमावाला सांगतो कीं, तुमच्यांत जो निष्पाप असेल त्यानें हिच्यावर पहिला धोंडा टाकावा. एका मुलीवर दोन दगड, आणि दोन दगडांवर दोन निकाल! पहिला निकाल बाहेरून आलेल्या थोरांचा. दुसरा निनांवी हाताचा.

हार्डिंजची फेरी चालूच राहिली. वर्षांतून दोनदां तो प्रेस्टीनला येई, आणि आला म्हणजे मेरीच्या थडग्यापाशीं जाई असें म्हणतात. तिच्यावर त्यानें कविताही रचली. अकरा वर्षें अशीं गेलीं. १८१६ च्या एप्रिलांत तो फेरीवर असतांना प्रेस्टीन येथेंच आजारी पडला, आणि २६ एप्रिलला त्याच गांवीं त्याचा अंत झाला. ज्या गांवाचा तो केवळ पाहुणा होता, त्यानेंच त्याला शेवटचा उतारा दिला. यांत कोणी दैवी न्याय शोधूं नये. फिरत्या न्यायाधीशाचें मरण फिरतीवर यावयाचें, हें स्वाभाविकच आहे. परंतु महिना तोच आणि गांव तेंच, ही गोष्ट मनाला चटका लावल्यावांचून राहात नाहीं.

आजची शायर हॉलची इमारत त्यानंतरची. परगण्याचा जुना तुरुंग ज्या जागीं होता त्याच जागीं, १८२६ ते १८२९ या वर्षांत, श्रूजबरीचा शिल्पकार एडवर्ड हेकॉक याच्या आराखड्याप्रमाणें ती बांधण्यांत आली. न्यायाधीशांसाठीं येथें जो उतारा झाला, तो अशा लहान परगण्याच्या मानानें फारच ऐटदार होता. इमारत पुरी होते न होते तोंच, १८३० सालीं, ग्रेट सेशन्स हीं न्यायालयें बरखास्त झालीं आणि वेल्समध्येंही इंग्लंडप्रमाणें असाइझ सुरू झाली. लंडनचे न्यायाधीश आतां थेट या माडीवर येऊन उतरूं लागले.

त्या माडीवरील एक रात्र कशी असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. दिवाणखान्यांत दिवे लागले आहेत; भोजनास परगण्यांतील चार मानकरी आले आहेत; खालून स्वयंपाकघरांतून तबकांमागून तबकें वर येत आहेत. त्याच स्वयंपाकघराच्या शेजारीं, त्याच दगडी जमिनीवर, उद्यांचा आरोपी कोठडींत बसला आहे. वरच्या पलंगावर आणि खालच्या फळीवर झोंप सारखीच लागली असेल काय? वरच्या माणसाला दुसऱ्या दिवशीं दुसऱ्याच्या आयुष्याचा निकाल द्यावयाचा आणि खालच्याला तो ऐकावयाचा. दोघेही त्या गांवीं परकेच. दोघांनाही तेथें मनाजोगें फिरण्याची मुभा नाहीं. आणि दोघांचीही वाट तोच शेरिफ पाहात आहे. एकाच घरांत असे दोन मुक्काम क्वचितच पडत असतील.

क्वचित् आनंदाचेही प्रसंग येत. रॅडनॉर परगणा लहान. १८४१ सालीं त्याची लोकसंख्या सारी पंचवीस हजारांच्या घरांत होती. ज्या फेरींत एकही फौजदारी खटला चौकशीसाठीं नसे, तिला 'कुमारिका असाइझ' म्हणत. आणि त्या वेळीं शेरिफ न्यायाधीशांना पांढरे हातमोजे नजर करी. न्यायाधीशाचे हात त्या फेरींत रक्तानें माखले नाहींत, हा त्या शुभ्रतेचा अर्थ. ज्या दिवशीं न्यायाधीशाला काम नाहीं तो दिवस परगण्याला भूषणावह, ही कल्पना कोणत्याही देशानें उचलावी अशी आहे.

पुढें काळ पालटला. १८७५ सालीं प्रेस्टीनला आगगाडी आली; १९५१ सालीं उतारूंची वाहतूक बंदही झाली. प्रवास सुलभ झाल्यावर, न्यायाधीशानें मिरवणुकीनें गांवोगांव हिंडावें आणि कैद्यांनीं त्याची वाट पाहात सडावें, याला अर्थ राहिला नाहीं. मोठ्या शहरांत खटले तुंबलेले आणि लहान गांवीं न्यायाधीश रिकामे, अशी विषमता उत्पन्न झाली. या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं जें राजकीय कमिशन बसलें, त्याचे अध्यक्ष लॉर्ड बीचिंग हे होते. यांच्याच १९६३ सालच्या अहवालानें ब्रिटनमधील हजारों मैलांच्या आगगाडीच्या शाखा बंद पडल्या होत्या. असाइझलाही त्यांनीं तोच निकाल दिला. १९७१ चा कायदा होऊन १ जानेवारी १९७२ पासून असाइझ संपली आणि तिची जागा क्राउन कोर्टानें घेतली. रॅडनॉर परगणाही १९७४ सालीं पॉविस या मोठ्या परगण्यांत विलीन झाला. न्यायाधीश गेले, परगणा गेला. घर मात्र उरलें. स्थानिक लोकांच्या खटपटीनें तें जसेंच्या तसें सजवून १९९७ सालीं पदार्थसंग्रहालय म्हणून खुलें करण्यांत आलें. त्यांतील विशेष हा कीं, तेथें केवळ न्यायाधीशाचा पलंगच नव्हे, तर मोलकरणीची खोली आणि कैद्याची कोठडीही तितक्याच काळजीनें राखली आहे. तेल आणि गॅसचे दिवे तेथें अद्याप जळतात.

सर्वच जुन्या न्यायमंदिरांच्या नशिबीं असें जतन येत नाहीं. ब्रिटनमध्यें कित्येक न्यायमंदिरें आणि तुरुंग हल्लीं प्रवाशांचीं विश्रामस्थानें झालीं आहेत. ऑक्सफर्डचा १९९६ सालीं बंद झालेला तुरुंग आतां हॉटेल आहे. जेथें कैदी ठेवीत त्या खोल्यांत प्रवासी पैसे मोजून निजतात. लंडनमधील बो स्ट्रीटचें फौजदारी न्यायालय २००६ सालीं बंद झालें आणि २०२१ सालीं त्याच्या १८८१ सालच्या इमारतींत हॉटेल सुरू झालें. मराठी माणसाला बो स्ट्रीटचें नांव अपरिचित नाहीं. १३ मार्च १९१० रोजीं व्हिक्टोरिया स्टेशनावर अटक झाल्यानंतर विनायक दामोदर सावरकर यांना हिंदुस्थानांत धाडावें कीं नाहीं, याची सुनावणी याच न्यायालयापुढें झाली. त्याच उन्हाळ्यांत तेथून त्यांची रवानगी झाली आणि मार्सेल्सच्या बंदरांतील तो सर्वश्रुत प्रसंग घडला. आज त्या वास्तूंत उतरणाऱ्या पाहुण्याला हें ठाऊक असेलच असें नाहीं. इमारतींचा उपयोग पालटणें वाईट नव्हे. रिकाम्या पडून ढांसळण्यापेक्षां कोणी तेथें दिवा लावला हें बरेंच. पण भिंतींनीं काय ऐकलें होतें, हें सांगणारा कोणी नसेल तर त्या केवळ भिंती उरतात.

फिरत्या न्यायाची ही कल्पना इंग्रजांबरोबर हिंदुस्थानांतही आली. कॉर्नवॉलिसनें १७९० सालीं बंगालमध्यें फिरतीं फौजदारी न्यायालयें स्थापिलीं. तीं फार काळ टिकलीं नाहींत. पण फेरीवरील अधिकाऱ्याच्या मुक्कामाचें स्थान म्हणून 'सर्किट हाउस' हा शब्द आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत रुजला. त्या शब्दांतील 'सर्किट' म्हणजे हीच फेरी. तेथें आज मंत्री आणि अधिकारी उतरतात. पण नांव त्या जुन्या हिंडत्या सत्तेची आठवण ठेवून आहे.

आणि ही कल्पना अजून जिवंत आहे, याचें अगदीं ताजें उदाहरण महाराष्ट्रांतलेंच आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांना उच्च न्यायालयासाठीं मुंबईस जावें लागे. कोल्हापुराहून मुंबई सव्वादोनशें मैलांच्या वर. एका तारखेसाठीं रात्रीचा प्रवास, मुंबईंत मुक्काम, आणि कित्येकदां तारीख पुढें गेली म्हणून रिकामें परत येणें. शेताच्या बांधाचा किंवा सुटलेल्या नोकरीचा दावा लढविणाऱ्याला हा खर्च दाव्याहून जड होई. चाळीस वर्षांहून अधिक काळ या जिल्ह्यांतील वकील आणि नागरिक झगडत राहिले. आणि १७ ऑगस्ट २०२५ रोजीं कोल्हापुरांत मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचाचें उद्घाटन होऊन दुसऱ्या दिवसापासून कामास आरंभ झाला. त्यासाठीं तेथील जुन्या न्यायालयाच्या इमारतीची डागडुजी करण्यांत आली. इंग्लंडांत ज्या पद्धतीचें पदार्थसंग्रहालय झालें, तिचेंच तत्त्व येथें नव्यानें उपयोगी पडलें. यांत विसंगति नाहीं. मुक्काम कोणी करावा, न्यायाधीशानें कीं पक्षकारानें, हाच मूळ प्रश्न आहे. आणि ज्याला तो मुक्काम कमी जड जाईल त्यानें तो करावा, हें त्याचें न्याय्य उत्तर आहे.

प्रेस्टीनच्या इतिहासाचें सार येवढेंच. न्यायाधीश परका असावा, म्हणजे तो कोणाचा मिंधा होत नाहीं. पण तो इतका परका नसावा कीं, ज्यांचा न्याय करावयाचा त्यांची भाषा, त्यांची गरिबी आणि त्यांची अगतिकता त्याला कळूं नये. पहिली गोष्ट दुसऱ्या हेन्रीनें साधली. दुसरी साधण्यासाठीं वकिलाचें भाषण, आरोपीची साक्ष, अपील आणि मातेविषयीं सहानुभूतीचा कायदा, अशा एकेक पायरीनें लोकांना शतकभर चढावें लागलें. मेरी मॉर्गनच्या वेळीं यांपैकीं एकही पायरी बांधलेली नव्हती. न्याय दारांत आला म्हणजे त्याला आंत बोलावून आपली सगळी हकीकत ऐकवितां आली पाहिजे. नाहीं तर तो उंबऱ्यावरूनच निकाल देऊन निघून जातो.